निरंक

मूर्तिजापूर
२१ नोव्हेंबर २००५

चि. भगवंत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुमच्या शिक्षण विभागाचं व्यसनाचं प्रपत्र आज भरून पाठवलं. अकोल्यात सगळ्या शाळांचे आकडे तूच एकत्र करतो, म्हणून आधीच सांगते, दचकू नको. माझ्या सातवीत तंबाखू-सुपारीचा खर्रा खाणाऱ्या अकरा निघाल्या. हो, पोरी! कापूस वेचायले जातात. तोंडात खर्रा धरला की दुपारपर्यंत भूक लागत नाही म्हणतात. यंदा डबा तरी कशाचा भरावा त्यांच्या मायांनी?

तोंड पुरतं उघडते का पाहायले मी सगळ्यांले तीन बोटं उभी धरून तोंडात घालायले लावली. शकुनची दोनच गेली. आधी एकही कबूल होत नव्हती. मी शब्द दिला, नाव फुटणार नाही, नुसता आकडा जाईल आणि डॉक्टर येतील. तेव्हा कुठं एकेक बोलली.

तुझी पुडी सुटली का रे? तुझ्या बायकोलेच, प्राजक्ताले विचारीन, तुझ्यावर माझा काडीचा भरवसा नाही. लोभ आहेच, वाढव.

तुझी ताई,
वच्छला

अकोला
२९ नोव्हेंबर २००५

ती. ताईस भगवंताचा शि. सा. न. वि. वि.

ताई, तू मास्तरीणच राहिली, कारकुनी तुले जन्मात जमायची नाही! तालुक्यातल्या झाडून साऱ्या शाळांनी 'निरंक' लिहिलं, एकही पोरगं नाही, आणि तुझ्या एकटीचे अकरा. साहेब म्हणाले, ही शाळा आहे का पानठेला? चौकशी लागली असती, तुले पातूरच्या डोंगरात फेकलं असतं. म्हणून तुझ्या रकान्यातही मीच निरंक लिहून टाकलं. आता निवांत झोप.

खर्रा सुटल्यातच जमा आहे. प्राजक्ता हल्ली भाजीत तिखट फार टाकून राहिली, तेवढं तिले समजाव. लोभ कमी करू नको.

तुझा,
भगवंत

मूर्तिजापूर
६ जानेवारी २००६

चि. भगवंत, आशीर्वाद.

काल डॉक्टरांची गाडी तालुक्यात आली होती. आमच्या शाळेवरून सरळ पुढं गेली. यादीत आमचं निरंक ना! अकराही पोरी तेल-वेणी करून फाटकापाशी उभ्या होत्या. गाडी गेल्यावर शकुननं मले विचारलं, बाई, आमचा आकडा कमी पडला का?

आता तिचं दीड बोट जाते. तिची माय मनकर्णाबाई भाकर वरणात कुस्करून भरवते.

तुलेच काहून बोलू? तुझं पत्र वाचून मीही गप्प बसली. बदलीचं भेव वाटलं. मी शब्द दिला होता आणि मीच गिळला. वर्गात जायची लाज वाटते.

वच्छला

अकोला
११ जानेवारी २००६

ती. ताईस साष्टांग नमस्कार.

निरंक खोडलं, अकरा लिहिलं, खोडलेल्या जागी माझी सही केली आणि फाइल साहेबांपुढं ठेवली. नोटीस देतो म्हणाले. देऊ दे. सोमवारी पोरींले इथं मोठ्या दवाखान्यात घेऊन ये. डॉक्टरांशी बोललो आहे, एसटी स्टँडवर मी उभा राहतो.

अजून एक सांगायचं आहे. लिहितानाही मान वर होत नाही. तुझं पत्र वाचलं आणि ऑफिसच्या आरशापुढं जाऊन तीन बोटं धरली. दोनच गेली, तीही दाताले घासून. डॉक्टर म्हणाले, तोंडाची आग या खर्र्यानंच होते. म्हणजे भाजी कधीच तिखट नव्हती, ताई. वर्षभर मी प्राजक्तावर उगाच ताटं आपटली. ते निरंक लिहिलं, तेव्हाही गालात खर्रा होता.

सोमवारी शकुनच्या मागं रांगेत मी उभा राहीन. प्रपत्रात कारकुनांचा रकाना नाही. तू आपल्या वहीत बारावं नाव लिही. माझं फुटलं तरी चालेल.

लोभ मागायले तोंड नाही, तरी असू दे.

तुझा,
भगवंत