निळा चकचकीत शर्ट

बाबा, आज सकाळी मी कारखान्यात गाऱ्हाणं घातलं. तुमच्याइतकं खणखणीत नाही, पण जमलं. आरोंद्याचा पूल ओलांडून मी रोज गोव्यातल्या गॅसच्या कारखान्यात जाते, कामगारांची सुरक्षा माझ्याकडे असते. सूचना वाचायला लागले की सगळे पेंगतात. म्हणून आज सरळ हात जोडले, "बा देवा म्हाराजा, जो कोण नायलॉनचो शर्ट घालून इलो आसात, तेका गेटावरसूनच परत धाड रे म्हाराजा." सगळे एका सुरात "होय म्हाराजा" म्हणाले आणि दोघे गुपचूप कपडे बदलायला गेले. देव इतक्या तातडीने ऐकतो, हे तुम्ही आचऱ्याच्या देवळातही पाहिलं नसेल.

तुम्ही आखातात रिफायनरीत फिटर होतात, मी नऊ वर्षांची. सुट्टी संपवून निघालात तेव्हा मालवणच्या बाजारात मी हट्टाने तुम्हाला निळा, चकचकीत शर्ट घ्यायला लावला. पुढच्या खेपेला आलात ते भाजलेली पाठ घेऊन. पाइपात उरलेला गॅस भडकला, एवढंच सांगितलंत. आई तुम्हाला स्वयंपाकघरात पाटावर बसवून पाठीला खोबरेल लावते आहे आणि तुम्ही मला म्हणता आहात, "माझ्या पाठीर नकाशो उठलो हा. आमचो आचरा खंय तो सोद बघू." मी बोटाने खाडी शोधत बसायचे. शर्टाचं विचारलं तर म्हणालात, हरवला, दुसरा घेऊ. दुकानात मी पुन्हा चकचकीतच उचलला. तुम्ही कापड बोटांत चोळून परत ठेवलंत. "सुती घे गो, घाम शोषता." तुम्हाला कपड्यांतलं काडीचं कळत नाही म्हणून मी दिवसभर गाल फुगवून बसले.

तुम्ही कायमचे गेल्यानंतर काही वर्षांनी सुरक्षेच्या प्रशिक्षणात सरांनी नायलॉनची चिंधी पेटवली. ती वितळून थेंब थेंब गळाली. कामाच्या जाड कपड्यांखाली असलं काही असेल तर ते कातडीला चिकटतं, असं ते म्हणाले आणि मला तुमची पाठ दिसली. घरी येऊन आईला विचारलं. हो, तोच शर्ट. तुम्ही तिला शपथ घातली होती, "पोरीक कळूक नको." मी खूप रडले, बाबा, आणि तुमच्यावर चिडलेसुद्धा.

आज गाऱ्हाण्यानंतर मी कामगारांना अशाच एका फिटरची गोष्ट सांगितली. एकाने विचारलं, त्याला तो शर्ट कोणी दिला होता? मी पटकन म्हटलं, बायकोने. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, तेव्हा तुम्हाला सांगून टाकते: ते आईच्या माथी मारलं, आणि तिला अजून सांगितलेलं नाही.