बिडाला घाई चालत नाही

शनिवार, ४ मार्च

गाडीचा जुना मागचा ॲक्सल आज निघाला. रूलनने एकट्याने काढला, मला हात लावू दिला नाही. गॅरेजच्या फरशीवर पडलाय – मोठ्या जनावराच्या मांडीच्या हाडासारखा. आतून उजव्या चाकाला जाणारा दांडा तुटलेला. तुटलेल्या जागी अजून चकाकी आहे. पाच महिने झाले, गंज कसा धरला नाही?

"बघ," रूलन म्हणाला. त्याच्या तळहातावर एक लोखंडी क्लिप होती, कोटाच्या बटणाएवढी. "अख्खं चाक एवढ्याशा क्लिपच्या भरवशावर, जॅनी. दांडा तुटला की चाक दांड्यासकट बाहेर. एवढ्याशा वस्तूने थेन गेला."

थेन त्याचा धाकटा भाऊ. ऑक्टोबरात, खेचराच्या शिडीवर. ती खडकाची चढण आहे, पायऱ्यापायऱ्यांची. गाडी तिसरी पायरी चढत होती आणि थेन मागच्या चाकाखाली दगड रचत होता. चाक निघालं, गाडी मागे घसरली.

मी "हो" म्हणाले. आणखी काय म्हणणार!

मंगळवार, ७ मार्च

जेवणाच्या टेबलावर ॲक्सलचे कागद. बटाट्याचं भांडं मांडीवर घेऊन जेवले.

तीन पर्याय आहेत म्हणतो. पहिला एका ठोकलेल्या घरगुती गाडीचा. दांडा जाड, वजनाला हलका, पण आत तीच क्लिप. त्याने तो असा खोडला की कागद फाटला. दुसरा नवा, मापाने बनवून मिळणारा. दहा आठवडे लागतील. मार्वा तेवढं थांबणार नाही. एक एप्रिलला थेनचा वाढदिवस. ती आधीच सांगून बसलीय, "मला ती जागा बघायचीय, रूलन. पायी नाही. तो जायचा तशी, गाडीतून. तू नेशील." भावाची बायको, नाही कसं म्हणणार?

तिसरा एका जुन्या अवजड ट्रकचा. "यात चाक हबवर उभं असतं. दांडा फक्त फिरवायचं काम करतो. दांडा तुटला तरी चाक जागचं हलत नाही." हे त्याने संध्याकाळभरात चारदा सांगितलं. प्रार्थना म्हणावी तसं.

"फार जड आहे रे," मी म्हणाले.

"तूही जड झालीयस. सोडलं का तुला?"

पाच महिन्यांतला पहिला विनोद! मी हसले. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसले.

एक गोष्ट तो कधीच बोलत नाही. चढणीवर चालवणाऱ्याला चाकाखालचं दिसत नाही, म्हणून समोर कुणीतरी उभं राहून हाताने वाट दाखवतं. एकच माणूस. चालवणाऱ्याने त्या एकाच हाताकडे बघायचं, प्रश्न विचारायचा नाही. बोटांनी बोलावलं की ये. मूठ वर केली की थांब. बावीस वर्षं रूलनपुढे तो हात माझा आहे.

त्या दिवशीही माझाच होता.

"ॲक्सलचा दोष," तो सगळ्यांना सांगतो. मला कुणी काही विचारलंच नाही.

शनिवार, ११ मार्च

ऑर्व्हलकाकांच्या भंगाराच्या आवारात गेलो. ऐंशीचे झाले, तोंडात सूर्यफुलाच्या बिया, टरफलं थुंकत बोलतात. आमच्या चर्चमधली प्रत्येक बाई त्यांची 'सिस्टर'.

"काय सिस्टर, नवरा अजून हाच का?"

"दुसरा मिळेना काका."

"मागच्या रांगेत बघून ये. एखादा चालू स्थितीतला निघेल."

रूलन ट्रकखाली आडवा होऊन टॉर्च मारत होता. बाहेर आला तेव्हा कानापर्यंत ग्रीस, आणि चेहरा – थेनबरोबर रात्रभर मासे धरून आल्यावर असायचा तसा. हाच ॲक्सल. ठरलं.

काका त्याच्या शेजारी उकिडवे बसले. "ऐक. लोक हा नेतात आणि एका ठिकाणी फसतात. मधला गोळा बिडाचा आहे, ओतीव लोखंडाचा. दोन्हीकडच्या नळ्या त्यात नुसत्या दाबून बसवल्यात. तुझ्या त्या राक्षसी टायरांचा जोर आला की नळी गोळ्यातल्या गोळ्यात फिरेल. वेल्डिंग करून घे."

"करतो की."

"करतो की म्हणे! आधी बीड तापव. मग वेल्ड. मग झाकून ठेव आणि विसरून जा. दुसऱ्या दिवशी उघड. बिडाला घाई चालत नाही. गरम असताना वारा लागला की तडकतं. सांगतं पण, फक्त एकदाच."

"काय सांगतं?" मी विचारलं.

"टिक."

निघताना माझ्याकडे बघून म्हणाले, "जुना अशक्त होता, पण नाही म्हणायचा. हा नाही म्हणणार नाही. नेईल तिथे जाईल."

घरी येईपर्यंत माझे हात गार होते. हीटर लावूनही.

सोमवार, १३ मार्च

आला. चौघांनी उतरवला. आता गॅरेजचं दार पुरतं लागत नाही, खाली वीतभर फट राहते.

शनिवार, १८ मार्च

लिहिलंच पाहिजे. इथे तरी.

सकाळी वेल्डिंग झालं. रूलनने गोळा इतका तापवला की मला दारातून झळ लागत होती. मग काचधाग्याचं जाड कापड गुंडाळलं आणि त्यावर घरातली जुनी पांघरुणं. "उद्यापर्यंत हात लावायचा नाही!" मला दम देऊन शेजाऱ्याचा फुटलेला पाइप बघायला गेला.

मी सहज डोकावले. सगळ्यात वर माझ्या आईने शिवलेलं पांघरूण. निळ्या चौकोनांचं. तिच्या शेवटच्या हिवाळ्यात शिवलेलं! हा माणूस कपाटातलं हाताला येईल ते घेऊन आला. एका कडेने तपकिरी पडायला लागलं होतं. मी ते ओढलं. त्याच्याबरोबर खालचं कापडही सरकलं, एक बाजू उघडी पडली. दुसरं पांघरूण आणते आणि झाकते – दोन मिनिटांचं काम.

आत फोन वाजत होता. मार्वा. रडत होती. थेनची टोपी सापडली, तिच्या गाडीच्या सीटमागे. "केसांचा वास आहे गं अजून." कसा ठेवणार फोन?

चाळीस मिनिटं.

परत गेले तेव्हा दाराखालून वारा सरळ आत येत होता. मी दुसरं पांघरूण हातात घेऊन वाकले, आणि ऐकलं.

टिक.

एवढाच आवाज. पेन्सिलीचं टोक मोडावं तसा.

मी झाकून टाकलं. सगळं होतं तसं रचलं. आईचं पांघरूण घडी घालून कपाटात ठेवलं. रूलन आला, विचारलं, "वारा नाही ना लागला?"

"नाही," मी म्हणाले.

रविवार, १९ मार्च

आजही नाही सांगितलं.

बुधवार, २२ मार्च

ऑर्व्हलकाकांकडे एकटी गेले. म्हटलं, समजा, कुणाचं बीड तडकलं असेल, तर कळतं कसं?

"कुणाचं म्हणजे कुणाचं, सिस्टर?"

"कुणाचंही."

त्यांनी बराच वेळ बिया चावल्या. मग दोन डबे आणून दिले. "आधी लाल मार, पुसून टाक. मग पांढरं मार. भेग असेल तर लाल वर येतं. आणि त्या कुणाला सांग, ताबडतोब माझ्याकडे ये. मी परत तापवून नीट करून देतो. लाजायचं कारण नाही."

रूलन कामावर असताना केलं. ठोकळ्यांवरच्या ॲक्सलखाली पाठीवर आडवी, डोळ्यांत धूळ. पांढरं वाळलं आणि बघता बघता त्यात एक लाल रेघ उमटली. केसाएवढी. वेल्डपासून निघून गोळ्याकडे गेलेली, बोटभर.

चिंधीने पुसलं. रेघ पुसली जाते, भेग नाही.

शुक्रवार, २४ मार्च

एक टिक सांगितली की दुसरीही सांगावी लागेल. म्हणून जीभ उचलत नाही. हेच खरं.

ऑक्टोबरात तिसऱ्या पायरीखाली गाडी क्षणभर थांबली होती. तेव्हा आवाज आला होता – टक्. आणि मागचं उजवं चाक दोन बोटं बाहेर आलेलं मला दिसलं. दिसलं! मी समोरच होते, जरा बाजूला. मूठ वर करायची, बस, एवढंच काम. पण वारा बोचत होता, बोटं बधिर झाली होती, घरी मंद आचेवर मांस शिजत होतं. मला घरी जायचं होतं. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

मी बोलावलं. ये. आणखी ये.

सोमवार, २७ मार्च

ॲक्सल गाडीला बसला. रूलनने काळा रंग मारला, दोन हात. भेग आता दिसत नाही. मी मुद्दाम वाकून पाहिलं.

मार्वा जेवायला आली. चीज घातलेले बटाटे घेऊन – आमच्याकडे कुणी गेलं की करतात ते. "पाच महिने सगळ्यांनी मला हेच खाऊ घातलं," ती म्हणाली, "आता तुम्ही खा!" रूलन पोट धरून हसला. मग ती गॅरेजमध्ये गेली आणि ॲक्सलवर हात ठेवून म्हणाली, "हा दगाफटका नाही ना करणार?"

"यावर मी माझ्या आईला बसवेन," रूलन म्हणाला.

मी ताटं उचलली.

शुक्रवार, ३१ मार्च

दुपारी चारदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. चौथ्या वेळी तो म्हणाला, "भीती वाटतेय? मग येऊ नकोस. वाट मी दुसऱ्या कुणाला दाखवायला सांगतो."

"नाही, मीच."

"मग ठीक. मला तुझाच हात कळतो."

शनिवार, १ एप्रिल

खेचराच्या शिडीच्या पायथ्याशी रूलनने निघण्याआधी दोनदा उतरून मागे कुणी नाही ना बघितलं. मार्वा शेजारच्या सीटवर, मांडीवर ती टोपी.

पहिली पायरी सहज. दुसरी सहज. नवा ॲक्सल खरोखर नाही म्हणत नाही. गाडी अशी वर आली की मार्वा ओरडली, "थेन असता तर वेडा झाला असता!"

तिसरी पायरी. तोच खडक, त्यावर अजून टायरचा काळा ओरखडा. दोघं माझ्या हाताकडे बघत होती. माझी बोटं उघडी होती. किती वेळ, ठाऊक नाही. खाली कावळा ओरडला.

मी मूठ वर केली.

तो थांबला. मी मूठ खाली घेईना. त्याने काचेतून माझ्याकडे बघितलं, मग काही न विचारता इंचाइंचाने गाडी मागे उतरवली. प्रत्येक इंचाला मी मनात मोजत होते. सपाटीवर पोचलो.

"काय झालं?" मार्वाने विचारलं.

"ॲक्सल," रूलन म्हणाला.

ती टोपी घेऊन लांब खडकावर बसली. मी रूलनला गाडीखाली नेलं, नखाने रंग खरवडला, दाखवलं. पांघरूण, फोन, टिक. आणि मग ऑक्टोबर. टक्. दोन बोटं बाहेर आलेलं चाक. सगळं. मांससुद्धा.

दोघं पाठीवर पडलेलो, नाकाच्या वर तो काळा गोळा. तो भेगेवर अंगठा फिरवत राहिला. एक शब्द बोलला नाही. घरापर्यंत नाही.

रविवार, २ एप्रिल

रूलन आत्ता बोलला. माझ्याकडे न बघता.

"तो टक् मीही ऐकला होता, जॅनी. आत, गाडीत तर जास्तच मोठा आला. मी ब्रेकवर पाय ठेवला होता. मग तुझा हात बघितला, आणि पाय काढून घेतला."

फोन वाजतोय. मार्वाच असणार. दोघांपैकी कुणी उठत नाही.