डावे दार वगळून

लिहून ठेवणार: शेख रहमत शेख हबीब, वय एकाहत्तर, धंदा मोटारगाड्यांचे डेंटिंग, राहणार कळंब चौकाजवळ, यवतमाळ.

हा मजकूर मी माझ्या मर्जीने सांगत असून, तहसील कचेरीतून निवृत्त झालेले माझे शेजारी चंद्रशेखर पिंपळापुरे तो सुवाच्य अक्षरात उतरवून घेत आहेत. कोणी मला धमकावलेले नाही, काही पाजलेले नाही. उजव्या कानाने ऐकू येत नाही, त्याला पन्नास वर्षांची हातोडी जबाबदार आहे. डोके शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधून हातात पत्रा द्यावा, मी जाडी सांगतो. येत्या दोन डिसेंबरला नागपुरात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका. लोकांच्या गाड्यांचे पार्ट बदलताना मीही हेच म्हणत असे, म्हणून कागद करून ठेवतो.

कलम १. मय्यतीचा खर्च पोस्टातल्या पैशातून करावा. मोठी जेवणावळ करू नये. मी कोणाचे देणे लागत नाही. कपिल पेंटरची रंग मारायची बंदूक माझ्याकडे राहिली आहे, ती न्हाणीघराच्या वरच्या फळीवर आहे. ती धुऊन परत करावी. मी घेतली तेव्हा ती धुतलेली नव्हती, हेही त्याला सांगावे.

कलम २. राहते घर, अंदाजे किंमत बारा लाख, आणि पोस्टातली ठेव दोन लाख चाळीस हजार. यांच्या वाटणीत माझे काही चालत नाही. शरियतप्रमाणे माझी बायको खातूनबी हिला आठवा हिस्सा आणि उरलेले आसिम व साजिद या माझ्या दोन मुलांना सारखे. खातूनबी जिवंत आहे तोवर घर विकू नये, असे मला लिहायचे होते. असे बंधन घालता येत नाही असे चंद्रशेखरभाऊ म्हणतात. मग विनंती म्हणून लिहा. साजिदने आईला उमरखेडला नेण्याचा हट्ट धरू नये. तिथे तिला दोन दिवसांत घरची आठवण येते आणि तिसऱ्या दिवशी ती त्याच्या दुकानातले सामान लावायला घेते. मग दोघांचे भांडण होते.

कलम ३. आमच्या कायद्यात माणसाला आपल्या मर्जीने फक्त तिसरा हिस्सा देता येतो, आणि तोही वारसांना सोडून इतरांना. मौलवीसाहेबांना विचारले, वकिलाला विचारले. उत्तर एकच आले. म्हणजे एवढ्या वर्षांच्या कमाईत माझी हुकमत चालते ती एवढ्याच तुकड्यावर. त्यात काय काय मावते हे पाहण्यासाठी मला काही गोष्टींच्या किमती काढाव्या लागल्या, आणि त्यातूनच पुढचे सगळे निघाले.

माझी हत्यारे, किंमत साठ हजार, आसिमची मुलगी नुजहत हिला द्यावीत. ती पॉलिटेक्निकला शिकते. तिला प्रत्येक गोष्टीचे कारण हवे असते आणि ते मिळेपर्यंत ती जेवत नाही, हा गुण माझ्याकडून गेला आहे. आसिमने मुलीला हातोड्या कशाला असे म्हणू नये. त्याला स्वतःला खिळा सरळ ठोकता येत नाही.

कलम ४. अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये, ताडपत्रीखाली, सन १९३४ ची अमेरिकी फोर्ड गाडी आहे. गाडी म्हणजे तिची नुसती पोलादी बॉडी. इंजिन नाही, चाके नाहीत, गाद्या उंदरांनी नेल्या. दोन दारांपैकी उजवे आहे, डावे नाही.

ही बॉडी १९९४ साली मारेगावला एका बंद जिनिंगच्या मागे सरकीच्या पोत्यांखाली सापडली. तेव्हा माझी आणि पंजाबराव गावंडे यांची लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत डेंटिंगची भागीदारी होती. जिनिंगवाल्याने ती भंगार म्हणून वजनावर विकली. सव्वीसशे रुपये झाले, तेराशे त्याचे, तेराशे माझे. ट्रकमधून आणताना पंजाबराव रस्ताभर तिच्या आत बसून आला, जणू चालवतोच आहे.

सन २०११ मध्ये हैदराबादचा एक माणूस येऊन ऐंशी हजार देतो म्हणाला. मी दिली नाही. मला पैशापेक्षा हे कळून घ्यायचे होते की सव्वीसशेच्या टिनाचे हा ऐंशी हजार का देतो. तेव्हापासून जो येईल त्याला मी चहा पाजून विचारत आलो. कोणी हसले, कोणी काहीबाही सांगितले. नीट उत्तर यंदा सप्टेंबरमध्ये मिळाले.

मिताली नावाची पुण्याची मुलगी आली. जुन्या बॉडीत नवे दणकट इंजिन बसवायचे, छत कापून बुटके करायचे आणि गाडी पळवायची, असा तिचा धंदा आहे. त्या गाड्यांना हॉट रॉड म्हणतात. तिने खिशातून चुंबक काढले आणि कापड गुंडाळून बॉडीवर फिरवायला सुरुवात केली. जिथे पोलाद तिथे चिकटते, जिथे पुट्टी भरलेली असेल तिथे सुटते. मी तिला विचारले, "बाई, तुमाले छत कापायचंच हाय, तं अस्सल पत्र्याचे एवढे पैसे कायले देता? फायबरची घ्या ना."

ती म्हणाली, "काका, कापायचं आहे म्हणूनच अस्सल हवी. फायबरला वेल्ड मारून दाखवा मला."

पन्नास वर्षे वेल्डिंग करून हे मला सुचले नव्हते, याची लाज वाटली आणि गंमतही वाटली.

मग तिने सगळा हिशेब सांगितला. फायबरची बॉडी तीन लाखांत मिळते. परदेशात जुन्या मापाने नवी पोलादी बॉडी छापतात, पण ती बोटीने आणून कर भरेपर्यंत वीसच्या पुढे जाते. अस्सल, दोन्ही दारांसह, गंज न खाल्लेली असेल तर ती चौदा लाख देईल. आणि आमची, डावे दार वगळून, पाच लाख.

"एका दाराचे नऊ लाख?" मी म्हणालो. "अवं, दार मी आठ दिवसांत बनवून देतो."

"बनवाल हो. पण नव्वद वर्षांत बॉडी थोडी थोडी वाकते आणि तिचं दार तिच्यासोबत वाकतं. दुसरं दार कितीही चांगलं करा, फट सारखी येत नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

माहीत होते. त्याची किंमत मात्र कधी कोणी काढली नव्हती. शेजारी उभ्या नुजहतने तिथेच गणित केले: दार बावीस किलोचे, म्हणजे किलोला चाळीस हजारांच्या वर. भंगारवाला किलोला पस्तीस रुपये देतो.

इतक्यात मागच्या डाव्या कोपऱ्यावर चुंबक सुटून खाली पडले. तिथे वीतभर पुट्टी आहे. ती कोणी भरली, हे पुढे येते.

कलम ५. हे कलम लिहायची गरज नाही असे चंद्रशेखरभाऊंचे मत आहे. माझ्या मते बाकीची कलमे नसली तरी चालतील, हे पाहिजे.

पंजाबरावचे आणि माझे १९८५ ते २००३ असे अठरा वर्षे जमले, मग पुट्टीवरून बिनसले. मी म्हणायचो, पत्रा मागून लोखंडी ठोकळा धरून ठोकूनच सरळ झाला पाहिजे. तो म्हणायचा, गिऱ्हाईक संध्याकाळी दारात उभे आहे, भर पुट्टी आणि मार रंग. रोज शब्दाला शब्द वाढत गेला. शेवटी वाटणी ठरली.

आमच्या धंद्यात भागीदारी मोडताना कागद करत नाहीत. एकाने मालाचे दोन ढीग लावायचे, दुसऱ्याने हवा तो उचलायचा. ढीग लावणाऱ्याला नंतर तोंड उघडायचा हक्क नसतो. ढीग मी लावले. लावले म्हणजे शेडच्या मधोमध खडूची रेघ ओढली: अलीकडचा एक, पलीकडचा एक. मला बॉडी हवी होती, म्हणून कॉम्प्रेसर आणि गॅस वेल्डिंगचे दोन्ही सेट मी आधीच पलीकडे सरकवून ठेवले. तो तेच उचलणार हे मला ठाऊक होते. त्याने तेच उचलले.

पण डावे दार पोचा काढायला आदल्या दिवशी उतरवलेले होते आणि कॉम्प्रेसरमागे भिंतीला टेकलेले होते. रेघेच्या पलीकडे. मी विसरलो.

दुसऱ्या दिवशी मी म्हणालो, "पंजाब, दार दे."

तो म्हणाला, "ढीग कोनं लावले?"

"म्या लावले."

"रेघ कोनं मारली?"

"म्याच. पन दार इसरलो ना बे."

"मंग इसरलेलं दार माह्या ढिगात आलं," तो म्हणाला आणि दार उचलून घेऊन गेला.

त्या दिवसापासून आजपर्यंत, बावीस वर्षे, मी सगळ्या यवतमाळला सांगत आलो की पंजाबराव गावंडेने माझे दार चोरले. चहाच्या टपरीवर सांगितले, लग्नांत सांगितले, त्याच्या जावयालाही सांगितले. त्याने ते दार बकऱ्यांच्या कोठ्याला लावले आहे, हेही मीच पसरवले. पाहिले कधीच नव्हते. ते सगळे खोटे आहे. दार त्याने चोरले नाही. ढीग मी लावले, लबाडी मी केली आणि चूकही माझीच. हे माझ्या मुलांनी वाचावे, आणि ज्यांना मी सांगितले त्यांच्यापैकी जे जिवंत आहेत त्यांना सांगावे.

मागच्या कोपऱ्यातली पुट्टीही माझीच. वाटणीनंतर एका रात्री रागारागात मी बॉडीला लाथ मारली आणि तो पोचा सकाळी पुट्टीने बुजवला. ठोकायला हात चालला नाही.

सप्टेंबरात किंमत पक्की करण्यासाठी मिताली आणि नुजहत दार बघायला लोहाऱ्याला पंजाबरावच्या घरी गेल्या. मी गेलो नाही. खातूनबी म्हणाली, "जा तुम्हीपण, दार काय तुमाले चावते?" तरी गेलो नाही. नुजहत परत आली ती चप्पल न काढताच माझ्यासमोर बसली.

"दादाजी, बकऱ्याच्या कोठ्याले तं साधा टिनाचा पत्रा हाय. आपलं दार त्याह्यच्या पलंगाखाली हाय. चादरीत गुंडाळून, ग्रीस लावून. मितालीताईनं पुरं चुंबक फिरवलं, कुठीच सुटलं नाही. पुट्टी थेंबभर नाही."

"अन् पोचा?"

"ठोकून काढला म्हने. दोन महिने लागले म्हने त्याह्यले."

पुट्टीवाला पंजाबराव. दोन महिने. मी तिला तीनदा विचारले, आणखी काय म्हणाला. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "त्याह्यनं एकच इचारलं. बॉडीवर पानी तं नाही गळत?"

गळते. ताडपत्रीला दोन भोके आहेत. त्या दिवशी मी नवी ताडपत्री आणली.

कलम ६. म्हणून, वरील फोर्ड गाडीची बॉडी, डावे दार वगळून, किंमत पाच लाख, मी पंजाबराव गावंडे यांना देतो. घर, ठेव, हत्यारे आणि बॉडी मिळून वीस लाख होतात. त्याचा तिसरा हिस्सा सहा लाख सहासष्ट हजार. हत्यारे आणि बॉडी मिळून पाच लाख साठ हजार, म्हणजे मावते. आसिमला हे रुचणार नाही, त्याला चौदा लाख दिसत आहेत. त्याने लक्षात घ्यावे की ते चौदा लाख दुसऱ्याच्या पलंगाखाली आहेत.

अटी अशा. डावे दार पंजाबरावने स्वतःच्या हाताने बसवावे, माणूस लावू नये. या गाडीची दारे मागच्या बिजागरीवर फिरतात आणि समोरून उघडतात, हे त्याला सांगायला नको. बसवल्यावर दहा वेळा उघडून लावून पाहावे. मागच्या कोपऱ्यातली माझी पुट्टी खरडून तो पोचा ठोकून काढावा. नुजहतला ठोकळा धरू द्यावा, तिला शिकायचे आहे. त्यानंतर विकायची, छत कापायचे की आत बसून मारेगावला जातो म्हणायचे, ते त्याचे तो पाहील. त्याने बॉडी नाकारली तर ती मितालीला पाच लाखांना द्यावी आणि पैसे वारसांत वाटावेत.

कलम ७. इथे चंद्रशेखरभाऊंनी लेखणी थांबवली. ते म्हणाले, "रहमतभाई, तुमच्या हयातीतच दार बॉडीला लागलं, तर बॉडी चौदा लाखांची होते. तिसऱ्या हिश्श्यात मावत नाही. मग कलम सहा बाद होतं."

मी म्हणालो, "होऊ द्या बाद."

तेच इथे लिहावे. मी मरण्याआधी ते दार त्या बॉडीला लागलेले कोणी पाहिले, तर कलम सहा रद्द समजावे, आणि मला त्याचा आनंद झाला होता असेही समजावे. मग वाटणी आम्ही दोघे करू. या वेळी ढीग त्याने लावावेत.

ज्याला वस्तू द्यायची त्याचीच साक्ष घेऊ नये, असे चंद्रशेखरभाऊंनी दोनदा बजावले. मी ऐकले नाही. त्याने वाचले नाही तर हा कागद मी कशासाठी केला? दुसऱ्या साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे. नुजहत हा कागद उद्या लोहाऱ्याला घेऊन जाईल आणि वाट पाहील.

वरील सर्व मला वाचून दाखवले, डाव्या कानाशी. बरोबर आहे.

ठिकाण: यवतमाळ
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५

सही: शेख रहमत शेख हबीब

साक्षीदार १: चंद्रशेखर पिंपळापुरे, निवृत्त अव्वल कारकून. (कलम ५ माझ्या सल्ल्याविरुद्ध लिहिले आहे. आता ते राहू द्यावे असे मलाही वाटते.)

साक्षीदार २: पंजाबराव गावंडे, लोहारा. दि. २१ नोव्हेंबर.

*(साक्षीदार २ यांच्या हस्ताक्षरात)* वाचलं. सही केली. ढीग-बीग मी लावत नाही. दार तुह्या घरासमोर ऑटोत हाय. बावीस किलोच भरते, एक बाजू धरायले ये.