ही जोडी फोडू नये

शाळेत गुरुजी कविता म्हणू लागले की वर्गाच्या खिडकीची सैल काच थरथरायची. ती थरथर मला आजही ऐकू येते. सबब माझे मन ठिकाणावर आहे असे समजावे. हे मृत्युपत्र मी कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. दडपण आणायला घरी येतो कोण?

राहती खोली मुलगा आणि मुलगी यांना समसमान. औषधांतून काही शिल्लक उरलीच तर ती मुलीची. सोल्डरिंग आयर्न आणि मीटर कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीवाल्याला द्यावे. ‘वॉट जास्त तेवढा आवाज गोड’ असे सांगून त्याने अर्ध्या गल्लीचे कान बिघडवले. तरी द्यावे.

आता मुख्य बाब. काचेच्या व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मी स्वतः बांधला. तोळामासा ताकदीचा, त्याला कमी जोरावर खुलणारेच स्पीकर हवेत. किती जोड्या आणल्या, किती परत केल्या! मी मीटर बघायचो, आमची ही स्वयंपाकघरातून ऐकायची.

“अहो, बाई डब्यात बसून गातेय.”

पुढच्या जोडीला म्हणाली, “आता पडसं झालंय तिला.”

मग एका संध्याकाळी हात पुसत बाहेर आली. “आता कशी समोर येऊन बसली!”

आमचे लग्न जुळायलाही एवढा वेळ लागला नव्हता.

पुढे ही गेली. मागोमाग माझा डावा कान गेला. हल्ली गाणे एकाच भिंतीतून येते.

मुलगा म्हणतो, “बाबा, मशीन हॉलमध्ये झकास दिसेल, दिवे कसे लालसर पेटतात! ती स्पीकरची खोकी मात्र नकोत.” मुलगी म्हणते, “जागा कुठंय, बाबा?”

बाळांनो, स्पीकर न जोडता या ॲम्प्लिफायरवर गाणे लावले तर हा आतल्या आत जळतो. आवाजाला बाहेर पडायला वाट लागते. कितीदा सांगितले, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून कायद्याच्या भाषेत लिहितो: ज्याला हवी त्याने ॲम्प्लिफायर आणि स्पीकर ही जोडी अख्खी न्यावी. कोणालाच नको असेल तर अख्खी मोडावी.

साक्षीदार: १. तळमजल्यावरचे शिंपी. २. समोरच्या निवृत्त परिचारिका. दोघेही समक्ष बसले आहेत.
स्थळ: माझी खोली.
दिनांक: आजचा, सहीबरोबर घालतो.
सही:

दार वाजले म्हणून थांबलो. शिंप्यांनी उघडले. दारात भंगारवाला, खांद्यावर दोरखंड.

“आजोबा, तुमच्या मुलानं पाठवलंय. दोन लाकडी खोकी न्यायचीत. मशीन तेवढं राहू दे म्हणाले.”