वारजे वाटेतच लागतं

रविवार, २० जुलै १९९७
आलेलं सामान: पुणे शहराचा नकाशा, अर्धा, ३ रुपये (सलीमभाई रद्दीवाले). कॅनव्हासचे बूट, आमच्या मुलाचे, आदेशचे, कॉलेजातले, घरचेच. राजगिऱ्याच्या लाडवांचा पुडा, प्रवासासाठी, ५ रुपये. पुडा संपला.

अख्खा नकाशा सहाला होता. सलीमभाई म्हणाले, वहिनी, अर्ध्या नकाशाचं काय करणार? म्हटलं, मला अर्ध्याच पुण्यात चालायचंय, उरलेल्या पुण्याचे पैसे मी का भरू? घडीवरून फाडून दिला. उरलेला अर्धा आता मी कुणाला इकू, म्हणाले. तो त्यांचा धंदा.

संकल्प: श्रावणी सोमवारी पुण्यातले महादेव पायी करायचे, एका दिवसात. यंदा पाच सोमवार आहेत, घाई नाही. एसटीतून भोसरीलाच उतरायचं (तिकीट वाचतं). तिथून शिवाजीनगर, ओंकारेश्वर, कोथरूडचा मृत्युंजयेश्वर, शेवटी वारजे.

ह्यांनी विचारलं, वारज्यात महादेव कुठे आहे? असेलच. महादेव कुठे नसतो?

वारज्याला आदेशचा फ्लॅट आहे, हा योगायोग.

सोमवार, २१ जुलै
हे म्हणतात, आदेशकडेच जायचंय तर सरळ जा, एवढं पुणं कशाला तुडवतेस? ह्यांना भक्ती कळत नाही. बोलावल्याशिवाय सुनेच्या दारात पिशवी घेऊन उभी राहणारी मी नव्हे. दिवाळीला आदेश जाताना म्हणाला, ये ना कधीतरी. कधीतरी ही तारीख कॅलेंडरात नाही. नात संस्कृती बारशाला उशीएवढी होती, आता चालते म्हणे.

पण देव करता करता पाय दुखले, तहान लागली, आणि समोर पोटच्या पोराचं घर दिसलं, तर पाणी मागायला लाज कसली? त्याला जाणं म्हणत नाहीत.

गुरुवार, २४ जुलै
अंतर मोजलं. नकाशावर वातीचा दोरा वळणावळणाने ठेवला. वीतभर भरला. फार नाही. भोसरी कागदाबाहेर आहे, तेव्हा ती बाजू मोजायची गरज नाही. मॅट्रिकला भूगोलात मी वर्गात दुसरी होते. पहिलीचे वडीलच मास्तर.

रविवार, २७ जुलै
सराव सुरू. रोज घोड नदीच्या पुलापर्यंत जाऊन यायचं. आज गिरणीपर्यंत गेले. दळण होतंच. डब्याचं वजन धरलं तर पुलापर्यंत गेल्यासारखंच.

बुटात पुढे कापूस घातला. आदेशचा पाय मोठा.

सोमवार, ४ ऑगस्ट
पहिला सोमवार. गेले नाही. पाऊस. नकाशा भिजला असता.

सोमवार, ११ ऑगस्ट
दुसरा सोमवार. गेले नाही. टाच सोललीय. शिवाय शेजारच्या अंजनाने नवंच काढलं. म्हणाली, आवं काकू, म्हादेवाची परदक्षिणा करताना पानी वलांडत न्हाईत, पन्हळीपाशी मागं फिरत्यात. तुमी तर अख्खी नदी वलांडनार, तीबी दोनदा!

म्हटलं, ही प्रदक्षिणा नाही. तर म्हणे, देव करत फिरनार आन् परदक्षिणा न्हाई? मग काय, बेल्ह्याच्या बाजारात बैल बघत फिरताय?

बाई आगाऊ आहे, पण मुद्दा शास्त्राचा आहे.

मंगळवार, १२ ऑगस्ट, पहाटे
पूजेला बसल्यावर सुचलं. नदी पीएमटीने ओलांडायची. पाय जमिनीला लागला नाही म्हणजे आपण ओलांडलं नाही. जे काय पाप लागेल ते बसला. अंजनाला भिंतीवरून सांगितलं. लई हसली. हसू दे.

सोमवार, १८ ऑगस्ट
तिसरा सोमवार. नेमकी राखी. भाऊ सावळेराम आला होता. अंजना मुद्दाम त्याच्यासमोर म्हणाली, काकू, पुन्यावरनं कवा आलात?

शनिवार, २३ ऑगस्ट
भजनी मंडळात जाहीर करून टाकलं: परवा निघणार. बायकांनी तीर्थ मागितलं. आणीन म्हटलं. वारज्याचंसुद्धा.

पिशवी भरली. पाण्याची बाटली. नकाशा. चकलीची भाजणी दोन किलो (वाटेत लागली तर). लोकरीचं टोपडं, लहान (वाटेत लागलं तर).

सोमवार, २५ ऑगस्ट, सकाळी ८, एसटीत
भोसरी गेली. उतरले नाही. ह्यांनी तिकीट शिवाजीनगरचं काढून हातात ठेवलं होतं. काढलेलं तिकीट वाया घालवणं हेही पापच. चालणं जरा कमी झालं.

सकाळी १०
नदी पहिल्यांदा बसने पार. कंडक्टर म्हणाला, मावशी, पुलापलीकडं तर उतरायचंय, चालत जा की. मी शास्त्र सांगितलं. त्याने ते ड्रायव्हरला सांगितलं. ड्रायव्हर आरशातून माझ्याकडे बघत राहिला.

ओंकारेश्वराचं दर्शन निवांत झालं. नंदीच्या कानात मागणं सांगितलं. काय ते इथे लिहीत नाही.

दुपारी ४, शिवाजीनगर स्टँड
झालं ते क्रमाने लिहिते.

परत अलीकडे यायला लकडी पुलापाशी बस धरली. एकाच स्टॉपचं काम. पण कंडक्टर म्हणाला, कमीत कमी तिकिटात तीन स्टॉप बसतात. पैसे तीनचे द्यायचे आणि एकालाच उतरायचं, हे मला पटलं नाही. खिडकीही मिळाली होती. डोळे मिटून जप करत होते.

कंडक्टरने खांदा हलवला. आजी, माळवाडी आली, शेवटचा स्टॉप. जप झाला असंल तर उतरा, गाडी वळवायची हाय. वरचे पैसेही घेतले.

आजी! सकाळपासून मावशी होते.

उतरले ते वारज्यातच. आदेशची सोसायटी रस्त्यापलीकडे. नाव वाचलं, शिवकृपा. मग पायांकडे बघितलं. धूळ नाही. बाटली भरलेली, तहान नाही. जप चांगला झाल्यामुळे चेहरा टवटवीत. असा चेहरा घेऊन कुणाच्या दारात म्हणायचं, बाई गं, दमले, पाणी दे?

म्हणून दमायला सोसायटीभोवती फेऱ्या मारल्या. तिसऱ्या फेरीला वॉचमन म्हणाला, कोन पायजे मावशी? तोंडातून निघून गेलं, महादेव. तो म्हणाला, म्हादू आत्ता न्हाई, संध्याकाळच्या पाळीला या.

दमले नाहीच. गिरणीचा सराव नडला.

समोरच्या गुलमोहराखाली उभी होते तेवढ्यात सून इंद्रायणी गॅलरीत आली, ओले कपडे घेऊन. संस्कृती तिच्या गाऊनला धरून. चालते. बरी चालते. येणाऱ्या प्रत्येक बसला हात करत होती. मीही हात केला. दिसला नसेल, मी झाडाच्या मागे होते. सून म्हणाली, बास झालं गं टाटा, आत चल. आवाज चांगला आहे तिचा. रागीट नाही.

मग बस वळून आली. तीच. बसले. मृत्युंजयेश्वराला खिडकीतून नमस्कार केला, अंदाजाने.

मंगळवार, २६ ऑगस्ट
बायकांनी विचारलं, किती चाललात? म्हटलं, वारज्यापर्यंत जाऊन आले. यात खोटं काही नाही. तीर्थ वाटलं. अंजना माझ्या पायांकडे बघून म्हणाली, काकू, फोड कसा एकबी न्हाई? म्हटलं, देवाची कृपा. तर म्हणे, देवाची का पीएमटीची?

मग तिने जवळ सरकून हळूच विचारलं, नातीला बघितलं का? म्हटलं, लांबून.

मी भाजणी परत डब्यात ओतताना हे बघत होते. संध्याकाळी देवळात जाताना पाटावर एक कोरं पोस्टकार्ड ठेवून गेले.

बुधवार, २७ ऑगस्ट
कार्ड एकच आहे, खाडाखोड नको. आधी इथे कच्चं लिहिते.

चि. आदेश यास अनेक आशीर्वाद. श्रावणाचा शेवटचा सोमवार उरला आहे, तेव्हा पुण्यातले महादेव पायी
(नको.)

चि. आदेश यास अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. अचानक पुण्यात काम निघालं असून वाटेत
(काय काम? नको.)

चि. आदेश यास अनेक आशीर्वाद. मला तुमच्याकडे चार दिवस राहायला यायचं आहे. काम काही नाही. संस्कृतीला जवळून बघायचं आहे. इंद्रायणीला आधी विचार. तिला जमत नसेल तर तसं लिही, मी राग धरणार नाही. (धरेन. पण ते कार्डावर नको.) भाजणी आणते. स्टँडवर घ्यायला येऊ नकोस, मला बस माहीत आहे. येऊ की नको, एवढंच उलट टपाली कळव.