वार्निसच्या आधीचं ओलं फडकं

अण्णा, तुम्ही दुकानाच्या फळ्या काढायच्या आत मी चुलीवर खळ चढवलेली असायची. मैदा, पाणी आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. ते विषारी, म्हणून त्याचं काळं पातेलं वेगळंच ठेवलेलं. खळ निवेपर्यंत मी फ्रेमच्या पाठीला लावायच्या रद्दीचे चौकोन कापायची. शाळा चौथीतच सुटली होती, वाचायला मी खरी शिकले ती त्या चौकोनांवर. कितीतरी बातम्या मला आजही शेवटाशिवायच माहीत आहेत. मग तुम्ही यायचात, ब्रोमाइडचा काळा-पांढरा फोटो पाटावर ठेवायचात, ओलं फडकं घट्ट पिळून त्यावरून एकदाच फिरवायचात आणि तो सुकला की वार्निसचा ब्रश उचलायचात. "आदी वल्लं फडकं, मंग वार्निस. धुळीवर वार्निस दिलं तर धूळ जल्मभर ऱ्हाती, बाय." बेलापूरच्या बाजारातल्या त्या चिंचोळ्या दुकानात हे मी इतक्या वेळा ऐकलं, की पुढे देव्हारा पुसतानाही तेच मनात यायचं.

एकदा मात्र मी घाई केली. कुणाच्या तरी वडिलांचा फोटो होता. वार्निस लवकर वाळावं म्हणून तो भर उन्हात ओट्यावर ठेवला आणि वाचत बसले. वार्निसला बुडबुडे आले, चेहऱ्यावर देवीचे व्रण असावेत तसे. गिऱ्हाईक आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "माज्याकडून झालं. दुसरा करून देतो." मी मागेच उभी होते. गिऱ्हाईक गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता एवढंच बोललात, "मानूस उन्हात ठेवत्यात व्हय गं?" चार फटके दिले असते तर विसरले असते.

तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. तुम्ही निवडलेला जावई गेल्या वर्षी गेला. कावीळ झाली, नगरच्या दवाखान्यात अकरा दिवस होते. घरात त्यांचा लग्नातला फोटो होता, पण सासूबाई म्हणाल्या, "ह्यो पोरगा न्हाई, मला माजा बाप्या पायजे." दुसरा एकच सापडला, साखर कारखान्यातल्या पाच जणांचा, त्यात ह्यांचं तोंड चिंचोक्याएवढं. सासूबाईंची नजर आता गेल्यातच जमा आहे. मोठं असेल आणि दाराच्या उजेडात धरलं, तरच काही दिसतं.

श्रीरामपूरला एकाने कॉम्प्युटरचं दुकान काढलं आहे. त्याच्या यंत्रातून शाईचे बारीक थेंब उडतात आणि कागदावर माणूस उमटतो. त्याने त्या पाचांतून ह्यांना एकटं काढून वहीच्या पानाएवढं केलं. मी फ्रेम केली, इथे सोनईला आमच्या दाराशेजारी टांगली. सासूबाई काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. "हां, ह्योच. हसतुय बग कसा मेला! आईला रडवून हसतुय." त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या. रोज सकाळी तिथे उभं राहून त्याला रागवायचं, हे त्यांचं कामच झालं.

उन्हाळा सरेपर्यंत शाईतला तांबूस रंग उडाला. पिवळा तेवढा राहिला. एका सकाळी त्या म्हणाल्या, "आगं, ह्याला परत कावीळ झाली का?" अंधाऱ्या भिंतीवर लावावा तर त्यांना दिसणार नाही, उजेडात ठेवावा तर हे पुन्हा जाणार.

मी दुसरी प्रत काढून आणली. या वेळी तुमच्यासारखं वार्निस द्यायचं ठरवलं. पाट घेतला. फडकं ओलं केलं, घट्ट पिळलं, एकदाच फिरवलं. कपाळापासून हनुवटीपर्यंत हे फडक्याबरोबर निघून आले.

ती प्रत घेऊन श्रीरामपूरच्या दुकानात गेले तेव्हा चार माणसं उभी होती. तो म्हणाला, "मावशी, पाणी लागलं का हो याला? ही शाई पाण्यानं जाते."

"पाणी कशाला लागतंय? शाईच नकली तुझी," मी सगळ्यांसमोर म्हणाले. माणसं हसली. एक जण म्हणाला, "घ्या, मशीनवाले!" दुकानवाल्याने नवी प्रत काढून दिली आणि मी मागितल्या म्हणून छापताना वाया गेलेल्या दोन प्रतीही दिल्या.

त्या वाया गेलेल्या प्रतींवर मी आधी करून पाहिलं. ब्रश नकोच म्हटलं. आमच्या गल्लीत टेम्पो रंगवणारा आहे, त्याच्याकडून बिनरंगाचं लॅकर हातभर अंतरावरून फवारून घेतलं, पातळ, तीन वेळा, दर वेळी वाळू देऊन. अर्ध्या भागावर पुठ्ठा धरला होता. "वहिनी, पेपरला पॉलिश करायची येळ आली व्हय माज्यावर?" म्हणाला, पण हात हलका ठेवला. पाऊस सरल्यावर त्या प्रती महिनाभर पत्र्यावर उन्हात ठेवल्या. उघडा भाग पार फिका पडला. लॅकरचा भागही उतरला होता, पण ओठ ओळखू येत होते. म्हणजे याने रंग थांबत नाही, जायला उशीर लागतो. मला उशीरही चालणार होता. मग चांगल्या प्रतीला तसंच फवारून घेतलं, काच बसवली आणि फ्रेमवर माझ्या जुन्या लुगड्याचा पडदा शिवला. सासूबाई सकाळी तो वर करतात, "ऊठ रे, दिस वर आला," म्हणतात, काय रागवायचं ते रागावतात आणि पडदा सोडतात. बाकी दिवसभर हे सावलीत असतात.

काल त्या म्हणाल्या, "त्या मशीनवाल्यानं पयल्यांदा फसावलं, न्हाई का?" मी हो म्हणाले. फडक्याचं घरात कुणाला ठाऊक नाही. म्हणून दुपारी तुम्हाला लिहायला बसले. पाठवायचं कुठे, म्हणून हा कागद फ्रेमच्या पाठीला लावणार होते, रद्दीच्या जागी. खळही केली होती. पण लावला नाही. पुढे कधी फ्रेम उघडलीच, तर त्यात शेवट नसलेली गोष्ट नको.

आज सकाळी पहिल्या एसटीने श्रीरामपूरला गेले. दुकानात माणसं येईपर्यंत बाकावर थांबले, आणि त्यांच्यासमोर त्याला सांगितलं, पाणी माझ्याकडून लागलं होतं.