दादाच्या पानाशेजारी

कलकत्ता, ता. २४ सप्टेंबर १९५५

तीर्थरूप आण्णांच्या चरणी यमुनेचा नमस्कार.

मी बरी आहे. नर्सिंगचा अभ्यास जमतो. आईचा गुडघा कसा आहे?

खोटं लिहू नये, हे तुम्हीच पाटीवर शिकवलंत, म्हणून लिहिते. घरमालकीणबाईंनी माझ्याकडचा दादाचा फोटो पाहिला. दादा इटलीच्या लढाईत गेला आणि कोल्हापूरला त्याच्या तसबिरीशेजारी चर्चिलसाहेबाची तसबीर आहे, असं मी सांगितलं. "त्यो मागं हटला न्हाय, म्हणून माझं पोरगं फुकट गेलं न्हाय," हे तुमचं बोलणंही अभिमानाने सांगितलं.

बाई म्हणाल्या, "त्रेचाळीसच्या दुष्काळात माझा निताई पेज मागत दारोदार फिरला आणि मेला. सात वर्षांचा होता. तुमच्या साहेबाकडे आमच्यासाठी धान्याची जहाजं नव्हती."

तरी त्यांनी मला जेवू घातलं.

तेव्हापासून मी भात कालवला की दारात वाडगं घेतलेलं पोर उभं दिसतं. त्याच्यामागे गणवेशातला दादा. काळजी करू नका, मी जेवते.

साहेबाची तसबीर उतरवा, असं मला म्हणवत नाही. उतरवली तर दादा कशासाठी गेला, हे तुम्ही मला विचाराल, आणि मला सांगता येणार नाही.

पण यंदा महाळाला दादाचं पान वाढाल, तेव्हा शेजारी निताईच्या नावाने एक लहान पान मांडा. त्यावर भात जास्त वाढा, आण्णा. दादा सरकून जागा देईल.

रागावलात तरी उत्तर धाडा.

तुमची लेक,
यमुना